दुधावाचून खरवस, दुधावाचून चीज

आमच्या घरात गाईम्हशीचे दूध येणे बंद झाले ते नातीसाठी. वर्षाची होण्याआधीच, दुधाचा काही पदार्थ पोटात गेला की तिच्या अंगावर गांधी उठत आणि ओकाऱ्या होत. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असल्याचे निदान केले. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे हा निराळा प्रकार आहे. त्यात लॅक्टेज नावाचे विकर कमी पडते, पोट बिघडते, पण थोडे दही किंवा चांगले मुरलेले चीज अशा पुष्कळ माणसांना चालून जाते. ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसीन आणि व्हे या प्रथिनांवर उलटते, आणि मग चमचाभर दह्याचीही सवलत राहत नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ओळखीपाळखीच्या अनेकांनी आपुलकीने शेळीचे दूध सुचवले, पण शेळीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की डॉक्टरांनी त्यालाही स्पष्ट नकार दिला. तुपातही प्रथिनांचा अंश उरू शकतो म्हणून तेही वर्ज्य झाले.

माझे माहेर मालवणचे असल्यामुळे नारळाचे दूध हाताखालचे होते. आमटीत, सोलकढीत, माशाच्या कालवणात ते रोज पडत असे. गोड पदार्थांचा आणि चीजचा सगळा भार मात्र त्याच्यावर कधी टाकला नव्हता. नात चार वर्षांची झाली, बालवाडीत इतर मुलांच्या डब्यांत चीज सँडविच पाहू लागली आणि एके दिवशी मला सरळ म्हणाली, "आजी, मला खाता येईल असं चीज तू कर ना." त्या मागणीपासून पुढे जे काही करून पाहिले, त्यातले काय जमले आणि का जमले, ते इथे मांडते आहे. ज्या घरात असे लहान मूल आहे, त्यांना यातले काही उपयोगी पडावे अशी मनापासून इच्छा आहे.

आधी दुधाविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नारळ मी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणते. दुकानदार मद्रासी, पालकोल अशी नावे घेतात, परंतु मी नावापेक्षा वजन पाहते. हातात जड लागणारा, हलवल्यावर आत पाणी खळखळणारा, डोळे कोरडे असलेला आणि त्यांच्याभोवती बुरशी नसलेला नारळ दुधाला चांगला. खोबरे पुरते भरायला फळ झाडावर अकरा-बारा महिने राहावे लागते. कोवळ्या नारळाचे खोबरे चवीला गोड असले तरी त्यातून दूध पातळ निघते. नारळ वाढवून खोबरे विळीच्या खवणीवर खोवते, आणि खोवताना पाठीचा तपकिरी भाग येणार नाही इतकी काळजी घेते, कारण त्या सालीमुळे दूध करडे दिसते आणि चीजला किंचित तुरट चव येते. आमटीला हे चालून जाते, पांढऱ्या खरवसाला चालत नाही.

पाणी कोमट हवे. यामागचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले, हात मात्र आईने लावलेल्या वळणाने ते आधीपासून करत होता. नारळातली चरबी साधारण २४ अंश सेल्सियसला वितळते. ठाण्यात वर्षातले बहुतेक महिने घरातली हवा त्याहून गरम असते, त्यामुळे खोबरेल तेल बाटलीत पातळच राहते. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते गोठते, आणि त्या दिवसांत नळाच्या गार पाण्याने वाटलेल्या खोबऱ्यातली निम्मी चरबी चोथ्यातच अडकून राहते. उलट कढत पाणी घातले तर नारळातली प्रथिने शिजू लागतात आणि दूध एकजीव राहत नाही. म्हणून बोट सहज बुडवता येईल इतपत कोमट पाणी घ्यावे, एका नारळाच्या खोबऱ्याला वाटीभर, आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून ओल्या पंचात घट्ट पिळावे. एका मध्यम नारळाचे साधारण सव्वा वाटी जाड दूध निघते. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढलेले दुसरे दूध वेगळ्या भांड्यात ठेवावे. ही दोन दुधे एकत्र करण्याचा मोह टाळावा, कारण पुढे प्रत्येक पदार्थात त्यांची कामे निरनिराळी असतात.

तयार दुधाची पाकिटे आणि भुकटी बाजारात मिळतात आणि घाईच्या दिवशी ती सोयीची असतात. तरीही ॲलर्जी असलेल्या घरासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. नारळाच्या दुधाच्या कित्येक भुकट्यांमध्ये सोडियम केसिनेट घातलेले असते, कारण त्यामुळे भुकटी पाण्यात चांगली मिसळते, आणि सोडियम केसिनेट हे गाईच्या दुधातलेच प्रथिन आहे. पाकिटावर समोर नारळाचे चित्र असते, घटकांच्या बारीक अक्षरांत केसिनेट. आमच्या सुनेने ते दुकानात उभे राहून वाचले, म्हणून ते पाकीट घरात आले नाही. अन्नपदार्थांच्या लेबलांविषयीच्या २०२० च्या विनियमांनुसार दूध हा ॲलर्जीकारक घटक असल्याची नोंद पाकिटावर स्वतंत्रपणे करावी लागते. ती ओळ शोधून वाचल्याशिवाय कोणतेही पाकीट टोपलीत टाकू नये.

गोड पदार्थांची सुरुवात मी शिरवाळ्यांपासून केली, कारण तिथे काही नवीन शोधायचे नव्हते. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. शेवग्याचा दांडा दाबायला ताकद लागते, आमच्या घरी ते काम मुलाचे. नातीने ते ताट संपवले, तेव्हा माझ्या लक्षात आले की कोकणातले निम्मे गोडधोड मुळातच दुधावाचून उभे आहे. हापूसचे किंवा बरक्या फणसाचे सांदण, नारळी पौर्णिमेचा नारळी भात, हळदीच्या पानातले पातोळे, गणपतीतले घावन-घाटले, यांतल्या कशालाही गाईच्या दुधाची गरज नाही. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ अर्पण होतो, त्या दिवशी आमच्या घरी नारळी भात असतोच. त्यात आता तुपाऐवजी खोबरेल तेलावर लवंगा परतते, एवढाच बदल झाला.

या सगळ्या पदार्थांत गूळ आहे, साखर नाही, याचाही विचार करण्यासारखा आहे. गाईच्या दुधात गूळ घालून उकळले की ते बहुधा नासते, कारण गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी त्यातले केसीन गोळा होते. नारळाच्या दुधात केसीनच नाही, त्यामुळे गूळ त्याला सुखाने मानवतो. त्याला सोसत नाही ती जोराची आच. खळखळून कढ आला की त्यातली थोडीफार प्रथिने आखडतात, तेल सुटते आणि रवाळ पाणी खाली राहते. म्हणून जाड दूध नेहमी शेवटी घालायचे आणि कडेला बुडबुडे दिसू लागताच आच बंद करायची. आमच्या इमारतीत एक मल्याळी कुटुंब आहे. त्यांच्याकडे ओणमला अड प्रथमन ही खीर करताना मी स्वयंपाकघरात थांबून पाहिले. तांदळाची अड, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे तुकडे, आणि गूळ तिसऱ्या व दुसऱ्या दुधात शिजवून घेतात, आणि पहिले दूध भांडे खाली उतरवून मग मिसळतात. आमच्या आईची रीत आणि त्यांची रीत यांत शब्दाचा फरक नव्हता. मला त्या दिवशी फार आनंद झाला, कारण किनाऱ्यावरच्या इतक्या दूरच्या दोन स्वयंपाकघरांनी एकच नियम आपापल्या हाताने शोधून काढला होता.

खरवसाने अधिक विचार करायला लावला. खरा खरवस व्यालेल्या गाईच्या पहिल्या दिवसांतल्या चिकाचा. चिकात रोगप्रतिकारक प्रथिने एवढी दाट असतात की नुसत्या वाफेवर ती गोठतात आणि वडी पडते. नारळाच्या दुधात १०० ग्रॅमला प्रथिने दोन-सव्वादोन ग्रॅमच, त्यामुळे ते कितीही वाफवले तरी गोठणार नाही. त्याला गोठवणारा दुसरा कोणी हवा. तो म्हणजे चायना ग्रास, अर्थात अगरअगर. हा लाल समुद्रशैवालापासून काढतात, जिलेटिनसारखा प्राण्यांच्या हाडाकातड्यांचा नसतो, त्यामुळे उपासतापास पाळणाऱ्या घरातही त्याला अडचण नाही.

अगरअगरचा स्वभाव समजून घेतला की काम सोपे होते. तो ८५ अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट विरघळत नाही, म्हणून त्याला चार-पाच मिनिटे खरोखर उकळावे लागते; आणि ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान तो घट्ट होतो, म्हणजे ठाण्याच्या घरातल्या हवेतही तो फ्रीजशिवाय जमतो. आता जाड दूध उकळायचे नाही आणि अगरअगर उकळल्याशिवाय चालत नाही, ही अडचण सोडवते ते दुसरे दूध. अर्धी वाटी दुसऱ्या पातळ दुधात अडीच ग्रॅम अगरअगरची पूड घालून ते ढवळत उकळते. त्यातच पाऊण वाटी चिरलेला गूळ विरघळवून गाळून घेते, कारण गुळात हमखास कचरा असतो. मग ४०० मिलिलिटर जाड दूध कोमट करून त्यात ओतते. फ्रीजमधले गार दूध ओतले तर अगरअगर जागच्या जागी गोठून त्याच्या गाठी होतात. वेलदोडा आणि जायफळ लावून, केशराच्या दोन-चार काड्या वर टाकून थाळीत ओतले, की तासाभरात वड्या कापता येतात.

या वड्या दिसायला देखण्या, चवीला छान, पण दाताखाली जरा कटकन तुटतात. खऱ्या खरवसाचा मऊ लुसलुशीतपणा अगरअगर एकटा देऊ शकत नाही. अगरअगरचे प्रमाण दीड ग्रॅमवर आणून, त्याच पातळ दुधात दोन चमचे तांदळाची पिठी शिजवून घातली, तेव्हा वडी मऊ झाली आणि जिभेवर थोडी रेंगाळू लागली. माझ्या मते हा खरवस आता नक्कल राहिलेला नाही. तो स्वतःचा एक पदार्थ आहे आणि सानपाड्याची माझी नणंद, जिला दुधाची काहीही अडचण नाही, ती तो मागून नेते. अगरअगर वजनकाट्यावर मोजावा, कारण पट्ट्यांची आणि पुडीची ताकद सारखी नसते, आणि दोन कंपन्यांच्या पुडींचीही नसते.

नाचणीचे सत्त्व तर आमच्या घरात आठवड्याचेच झाले आहे. नाचणी रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढुरका साका नारळाच्या दुसऱ्या दुधात आणि गुळात घोटायचा, उतरवताना पहिले दूध घालायचे. हा पदार्थ मी चवीइतकाच पोषणासाठीही धरून ठेवला आहे. नारळाचे दूध हे गाईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गाईच्या १०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, नारळाच्या दुधात त्याचा सातवा-आठवा हिस्साच. प्रथिने कमी, आणि चरबी मात्र वीस ग्रॅमच्या वर, तीही बहुतांशी संपृक्त. आख्ख्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर त्यातले काही निघून जाते, म्हणून नातीला नाचणीची भाकरीही देतो. तिच्या आहाराची आखणी आहारतज्ज्ञांनी करून दिली आहे. नारळाचे दूध त्यात गोडाधोडाच्या जागी आहे, रोजच्या पेल्याच्या जागी नाही. यजमानांना हृदयाचा त्रास असल्याने त्यांच्या ताटात खरवसाची एकच लहान वडी पडते.

आइस्क्रीमविषयी थोडक्यात सांगते. जाड दुधात चरबी भरपूर असल्यामुळे ते उत्तम होते. पिकलेला हापूस किंवा सीताफळाचा गर मिसळून, गोठत असताना दोनदा मिक्सरमधून काढावे. फ्रीजरमधून काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, कारण नारळाची चरबी थंडीत लोण्यापेक्षा कडक होते.

आता चीज. इथे मला सर्वाधिक वेळ लागला, आणि इथेच सर्वाधिक शिकायला मिळाले. सुरुवात पनीरच्या रीतीने केली, म्हणजे गरम जाड दुधात लिंबाचा रस घालून पाहिले. दूध फाटले, वर दाटसर लोण्यासारखा थर आला, खाली पाणी राहिले; पण फडक्यात बांधून दाबल्यावर त्याची वडी होईना, दाबले की थर फडक्याच्या विणीतून बाहेर येऊ लागला. याचे कारण दुधाच्या रचनेत आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि ते अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात दुधात तरंगत असते. आम्लाने किंवा रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकराने हे गोळे एकमेकांना धरतात, त्यांचे जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात चरबी अडकते. आपण ज्याला पनीर किंवा चीज म्हणतो, ते म्हणजे हे जाळे. नारळाच्या दुधात चरबी आहे, पण तिला धरून ठेवणारे जाळे नाही. तेव्हा नारळाच्या दुधाचे चीज करणे म्हणजे ते जाळे बाहेरून आणून देणे, आणि हे उमगल्यावर कामाला दिशा मिळाली. शिरवाळ्यांत ते काम तांदूळ करत होता, खरवसात अगरअगर. चीजमध्येही कोणीतरी ते करायला हवे होते.

कापता येणाऱ्या चीजसाठी पुन्हा अगरअगरच घेतला, मात्र दुप्पट. १०० मिलिलिटर पातळ दुधात पाच ग्रॅम अगरअगर उकळून घेते. ४०० मिलिलिटर कोमट जाड दुधात सपाट चमचाभर मीठ, दोन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट, चिमूटभर मोहरीची पूड, थोडी लसणाची पूड आणि रंगापुरती हळद मिसळून ठेवते. दोन्ही एकत्र करून आचेवरून उतरवल्यावरच लिंबाचा रस घालते, कारण आम्लात उकळल्याने अगरअगरची पकड ढिली होते. हे मिश्रण तेलाचा हात लावलेल्या चौकोनी डब्यात ओतून आधी बाहेर आणि मग फ्रीजमध्ये ठेवले, की दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ चकत्या निघतात. न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे निष्क्रिय केलेले खमीर, त्याला मुरलेल्या चीजची खारट-खमंग चव असते. ते आता ठाण्यातल्या मोठ्या दुकानांत मिळते. मिळाले नाही तर भाजलेल्या लसणाने आणि मिरपुडीने बरेचसे भागते.

हे चीज सँडविचमध्ये उत्तम, पण तव्यावर वितळत नाही, आणि लहान मुलांना तर ओढले की तार येणारे चीज हवे असते. अगरअगर एकदा जमला की पुन्हा ८५ अंशांवर गेल्याशिवाय सुटत नाही, म्हणून ब्रेडवर ते आपले चौकोनी अंग सोडत नाही. तार साबुदाण्याने दिली. साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चपासून करतात, आणि त्या स्टार्चमध्ये चिकटपणा देणाऱ्या अमायलोपेक्टिनचे प्रमाण जास्त असल्यामुळे तो शिजला की चिकट आणि लवचीक होतो. जास्त भिजलेल्या साबुदाण्याची खिचडी कशी गोळा होते ते आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जो गुण खिचडीत नको असतो तोच इथे हवा आहे. साबुदाणा कोरडा किंचित गरम करून मिक्सरमध्ये बारीक दळते आणि मैद्याच्या चाळणीने चाळते. वाटीभर जाड दुधात त्याचे अडीच-तीन मोठे चमचे, मीठ, यीस्ट आणि लिंबू घालून गार असतानाच गुठळ्या मोडून घेते आणि मंद आचेवर सतत ढवळते. काही मिनिटे काहीच होत नाही, आणि मग एकाएकी ते घट्ट होऊन चकाकू लागते आणि कढईची कड सोडते. स्टार्च चरबीला धरून ठेवतो, त्यामुळे थोडी आच इथे सोसते. हे गरमच पिझ्झ्यावर किंवा टोस्टवर पसरावे. तार येते आणि वरून छान डागही पडतात. गार झाले की ते पेढ्यासारखे घट्ट होते, परत तव्यावर गेले की सैल पडते.

राहिला आंबटपणा. लिंबाचा आंबटपणा सरळ आणि एकसुरी असतो. चीजला हवा असतो तो आंबवण्यातून आलेला. गाईच्या दह्याचे विरजण अर्थातच चालणार नव्हते. हिरव्या मिरचीच्या देठांनी नारळाच्या दुधाचे दही लावण्याची एक रीत आहे, पण विचारपूर्वक तिच्या वाटेला गेले नाही. देठांवर नेमके कोणते जिवाणू आहेत ते आपल्याला ठाऊक नसते, आणि नारळाच्या बाबतीत ही गोष्ट हलक्याने घेण्याजोगी नाही. इंडोनेशियात जावा बेटावर नारळाचा चोथा आंबवून टेंपे बोंगक्रेक नावाचा पदार्थ करत; त्यात बुरखोल्डेरिया ग्लॅडिओली हा जिवाणू शिरला तर बोंगक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार होते, जे शिजवूनही नष्ट होत नाही. त्याने माणसे दगावली, आणि १९८८ मध्ये तिथे त्या पदार्थाच्या उत्पादनावर बंदी आली. हे वाचल्यापासून मी चोथा कधीच आंबवत नाही. तो त्याच दिवशी कोरडा भाजून चटणीत जातो. दूध आंबवायचे तर ते ताजे काढून, ८० अंशांपर्यंत तापवून, झाकून कोमट करून, त्यात दुधाचा अंश नसल्याचे लेबलवर लिहिलेल्या लॅक्टोबॅसिलस या दही लावणाऱ्या जिवाणूंच्या कॅप्सूलची पूड मिसळते. मे महिन्यात सहा-आठ तासांत ते आंबट होते, जानेवारीत बारा तासही लागतात. पीएचची, म्हणजे आम्लता मोजणारी, कागदी पट्टी बुडवून तो ४.६ च्या खाली गेल्याची खात्री करते आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवते. गुलाबी किंवा काळी छटा दिसली, वास वेगळा आला, तर चव न पाहता टाकून द्यायचे. नारळ महाग आहे, विशेषतः २०२५ मध्ये भाव ज्या रीतीने चढले त्यानंतर, तरीही याबाबत तडजोड नाही.

हे आंबट दूध फ्रीजमध्ये रात्रभर राहिले की वर घट्ट साय जमते. ती साय हलक्या हाताने उचलून पिठीसाखर, केशर आणि वेलदोडा घालून घोटली की श्रीखंड तयार. चक्का टांगण्याची गरजच पडत नाही, थंडीत घट्ट झालेली चरबी ते काम करते. गुढीपाडव्याला आमच्या घरी हेच श्रीखंड असते आणि ते वाढून होईपर्यंत भांडे फ्रीजबाहेर ठेवत नाही, कारण एप्रिलच्या उकाड्यात ते पाहता पाहता सैल होते. चीजसाठी त्याच सायीत आणि खालच्या पाण्यात वर सांगितल्याप्रमाणे अगरअगर मिसळते. उकळलेला अगरअगर ओतल्यावर काही जिवाणू मरू शकतात, पण त्यांनी तयार केलेला आंबटपणा राहतो आणि आपल्याला हवा असतो तो तेवढाच. लिंबाच्या चीजमध्ये आणि यात चवीचा जो फरक आहे, तो पहिल्या घासातच कळतो. आम्लामुळे पकड थोडी कमी होते म्हणून अगरअगर अर्धा ग्रॅम वाढवावा लागतो.

नारळाचा मागचा गोडसरपणा मात्र कोणत्याही रीतीने पूर्ण जात नाही, आणि तो घालवण्यासाठी मसाल्यांचा मारा करू नये असे माझे मत झाले आहे. मी त्याला साजेशी संगत देते: भरड मिरी, भाजलेला लसूण, कधी जिरे. सुनेला मिरीचे चीज आवडते, नातीला साधे, आणि तिच्या डब्यात त्याच्या चकत्या काकडीबरोबर जातात. डबा एकमेकांत वाटून खाऊ नये हे तिला आणि तिच्या बाईंना समजावून सांगितले आहे, कारण हे चीज आणि गाईच्या दुधाचे चीज दिसायला जवळजवळ सारखी असतात.

टिकण्याचे म्हणाल तर लिंबाचे किंवा आंबवलेले, कोणतेही चीज मी चार दिवसांपलीकडे ठेवत नाही. ते फ्रीजरमध्येही ठेवण्यासारखे नाही. अगरअगर गोठून पुन्हा वितळला की त्यातले पाणी सुटते आणि चकत्या स्पंजासारख्या सच्छिद्र होतात. गोठवायचे असेल तर जाड दूधच गोठवावे. स्वस्त आणि चांगले नारळ मिळाले की एकदम चार-पाच नारळांचे दूध काढून ते बर्फाच्या साच्यांत भरते. ते वापरताना वेगळे झालेले दिसते, पण कोमट करून रवीने घुसळले की पुन्हा एकजीव होते, आणि ज्या दिवशी डब्यात चीज हवे त्याच्या आदल्या संध्याकाळी तेवढेच ठोकळे बाहेर काढते.